पंचेचाळीस अंशांचं कपाट

८ जानेवारी
स्क्रीनवर तीन नंबरच्या कपाटाची रेघ अजून सपाट. सकाळी पाहिलं, जेवणानंतर परत पाहिलं. स्कूटरच्या बॅटरीचे नवे सेल पावसाळ्याआधीपासून पंचेचाळीस अंशांच्या कपाटात आहेत, रोज भरतोय, रोज रिकामे करतोय, आणि क्षमता जवळजवळ होती तिथेच. जुन्या पुरवठादाराच्या सेलनी एवढ्या काळात मान टाकली होती. हे उन्हाला घाबरतच नाहीत.

सेतुराव सरांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग "बरें जालं," एवढंच. लॅबचे मुख्य ते, मला वाटलं होतं माझ्याहून जास्त खूश होतील.

इरुंगाट्टुकोट्टैहून मैलापूरपर्यंत कंपनीच्या बसमध्येही गप्प. घरी आल्यावर ते खाली त्यांच्या घरात गेले, मी वर माझ्या खोलीत. एरवी जिन्यापाशी पाच मिनिटं तरी गप्पा होतात. बीपी असेल.

१६ जानेवारी
उद्याचं सादरीकरण मीच करायचं. सर म्हणाले, "तूंच बोल. तुझं काम, तुझं नाव." रिपोर्टच्या पहिल्या पानावर खरंच माझं नाव. चाचणी: अनघा कुलकर्णी. सरांची फक्त मंजुरीची सही.

चार वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मला सेल कुठल्या बाजूने धरायचा इथपासून शिकवलं या माणसाने. थंडीत बॅटरी रुसते, ऊब मिळाली की परत बोलायला लागते. उन्हाने जे गेलं ते परत येत नाही. हे त्यांचं वाक्य. त्यांच्या त्या तंजावरी मराठीत ऐकलं की वेगळंच वाटतं. पहिल्या आठवड्यात चेन्नईत रडत बसले होते, तेव्हा "जेवलीस कां?" असं कुणीतरी मराठीत विचारलं, ते सर. खोलीही त्यांनीच दिली.

१७ जानेवारी
झालं. चांगलं झालं. वरदन (टेक्निकल हेड, कधी हसत नाही) हसला. विक्रीवाल्यांनी विचारलं, मे महिन्यातल्या चेन्नईचं काय? म्हटलं, हे सेल त्याहून वाईट हवेत महिनोन् महिने राहिलेत. टाळ्या. सर शेवटच्या रांगेत, खाली बघत.

आईला फोन. बाबांनी इचलकरंजीत अख्ख्या गल्लीला सांगितलं असणार.

मामींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डांगर पचडी आणि गरम भात वर आणून दिला. "आज तुझं मोठं कार्य जालं म्हणे." सरांनी सांगितलं असेल. स्वतः मात्र आले नाहीत.

११ फेब्रुवारी
कोवलम. मासळी विकणाऱ्या बायकांना आमच्या स्कूटर. मागे बर्फाच्या पेटीसाठी कॅरियर, पुढे टोपलीला हुक. विक्रीवाले म्हणाले, टेस्टिंगचं कुणीतरी बरोबर असू द्या, विश्वास बसतो. म्हणून मी.

माझं तमीळ ऐकून सगळ्या हसत होत्या. चार्जर कसा लावायचा, पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, वगैरे. सेल्वी म्हणून एक आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, मी दिवसभर ईसीआरवर, किनाऱ्याच्या रस्त्यावर, उन्हात असते. स्कूटरही उन्हात. चालेल?"

म्हटलं, "अक्का, मी स्वतः तपासलीय."

आतापर्यंत तिघींबरोबर शेअर ऑटोतून जायची. घेतल्यावर तिने त्यांना तिथेच सांगून टाकलं, उद्यापासून माझी जागा दुसरीला द्या.

येताना आईस्क्रीम खाल्लं. छान दिवस.

३ मे
सेल्वीचा फोन. आधी एका चार्जवर इंजंबाक्कमपर्यंत जाऊन आरामात परत यायची, आता परतताना मुट्टुकाडूच्या पुलाआधीच बंद पडते. काल ढकलत आणली. विकायचे राहिलेले मासे वाटेतच खराब.

चार्जर सैल असेल म्हटलं. बघायला सांगितलं.

कत्तिरी, इथल्या उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस, सुरू होतायत. लॅबच्या एसीतून पार्किंगपर्यंत जाताना भाजल्यासारखं होतं.

१९ मे
सेल्वी परत. शिवाय त्यातल्याच आणखी दोघी. चार्जर ठीक आहे म्हणे. सर्व्हिसवाल्याने बघितलं आणि सांगितलं, बॅटरी उन्हात ठेवलीत, वॉरंटीत बसत नाही.

उन्हात ठेवलीत. मग मासे कुठे विकायचे, सावलीत?

सरांना विचारलं. म्हणाले, "त्या गाडी आली की तापलेलीच चार्जिंगला लावतात. पत्र्याच्या शेडमध्यें. कुठला सेल तगेल?"

पटलं. अर्धवट पटलं.

२८ मे
सेल्वीची बॅटरी सोडवून लॅबमध्ये आणली. मोजली. जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गेलेली. साडेतीन महिन्यांत. आतला रोधही वाढलाय. उष्णतेने म्हातारा झालेला सेल जसा दिसतो तसाच, पुस्तकातल्यासारखा.

मग माझ्या कपाटातले का नाही झाले? ती हवा याहून फार सौम्य नाही. निदान थोडे तरी...

२ जून
आज जे झालं ते नीट लिहिते.

सर दंतवैद्याकडे गेले होते. ठरवलं, सेल्वीच्या बॅटरीतला एक सेल तीन नंबरमध्ये ठेवून माझ्या सेलशी ताडून बघायचा. तीन नंबरचं दार उघडायचं नाही हा सरांचा नियम, चाचणी तुटते म्हणून. मी आजवर उघडलेलं नाही. बाहेरून आकडा बघायचा, ४५.०, आणि आकडेवारी संगणकावर घ्यायची. सेलवर चिकटवायच्या तापमापक ताराही सरांनी मागच्या वर्षीच दुसऱ्या कामाला काढून नेल्या होत्या. कपाटाचा आकडा पुरे म्हणाले.

उघडलं. सवयीने तोंड बाजूला केलं, कारण एक आणि दोन नंबर उघडले की गरम झोत तोंडावर येतो, चष्मा तापतो.

काही आलं नाही.

हात आत घातला. सेलला हात लावला. गार. लॅबसारखेच, जेमतेम कोमट. बाहेर आकडा ४५.०.

दुसरा थर्मामीटर आणून ठेवला. सत्तावीस.

पंखा चालू, दिवा चालू, सगळं व्यवस्थित. बिघडलेलं कपाट असं वागत नाही. कुणीतरी आकड्यात फरक भरून ठेवलाय, की खरं काहीही असो, दाखवायचं एवढं. त्याला कोड लागतो. कोड सरांकडे.

दार लावलं. खुर्चीत बसले.

३ जून
वेगळं काही कारण असेल. कॅलिब्रेशनवाले आले होते तेव्हा चुकून. सर सांगतील.

सरांना अजून विचारलेलं नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसले, दाढ दुखतेय म्हणाले. मी गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं.

६ जून
विचारलं.

सुट्टी. मामी कपालीश्वराच्या देवळात गेल्या होत्या. सर पुढच्या खोलीत कॉफी घेत होते. मी उभीच राहिले. म्हटलं, तीन नंबर उघडलं मी.

कप खाली ठेवला. टाळतील, रागावतील, काहीतरी. नाही.

"हां. मीच."

का?

पुरवठादाराशी करार आधीच झाला होता. वरदनला नापास झालेला सेल नको होता. नापास झाला असता तर हे मॉडेल बंद, मॉडेल बंद तर लॅब बंद. "तूंही गेली असतीस. सगळींच."

मग मला का सांगितलं नाहीत? माझं नाव का? टाळ्या माझ्या का?

मग अगदी शांतपणे, मला शिकवायचे त्याच आवाजात म्हणाले, "तुला तें खरं वाटत होतं. मी बोललों असतों तर माझ्या तोंडावर दिसलं असतं."

हे वाक्य दिवसभर.

म्हणजे मी हुशार म्हणून नाही, चांगलं बोलते म्हणूनही नाही. मला खरं वाटत होतं म्हणून.

वर आले. पंखा लावला. खाली मामी आल्याचा आवाज, कुलूप, चपला, "अहो, प्रसाद घ्या." सर काहीतरी बोलले. नेहमीसारखं.

७ जून
नेहमीच्या आधीची बस पकडून गेले. तीन नंबर उघडलं.

गरम झोत. चष्म्यावर, कपाळावर. आतल्या थर्मामीटरवर पंचेचाळीस. बाहेरही पंचेचाळीस.

काल सुट्टीतच येऊन सरांनी फरक काढून टाकला. आता मी कुणाला काय दाखवणार? फोटो काढायचं त्या दिवशी सुचलंच नाही. मला अजून वाटत होतं की ते सर आहेत.

१० जून
वरदनच्या केबिनमध्ये. सरही होते. मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.

मग म्हणाला, समजा काही काळ कपाटाचं तापमान चुकलं असेल. होतं असं. ऑपरेटरच्या हातून होतं. सरांकडे वळला. "राव सर, तीन नंबर रोज कोण हाताळायचं?"

सर टेबलाकडे बघत होते. काचेखाली कुठल्यातरी सहलीचा फोटो आहे, त्याकडे.

"अनघा," म्हणाले.

खोटं नाही. मीच हाताळायचे रोज, बाहेरून. एका शब्दात सगळं माझ्यावर आलं आणि तो शब्द खोटाही नाही.

वरदनने समजूतदारपणे सांगितलं की लेखी कबूल केलं तर विषय इथेच संपेल, नोकरीला धोका नाही. विचार कर.

बाहेर पडताना सरांनी माझ्यासाठी दार धरलं. सवय.

११ जून
मामी डबा घेऊन वर आल्या. मी दार उघडलं पण आत या म्हटलं नाही. त्या आल्याच. खाटेवर बसल्या, डबा मांडीवर.

"बाळे, तूं बाहेर कुठें सांगूं नको. त्यांला निवृत्तीला थोडेच महिने आहेत. पोदुम, पुरे आतां, जालं तें जालं."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत?

डब्याचं झाकण लावत राहिल्या. लागलेलंच होतं.

"संक्रांतीच्या आधीं सांगिटलं त्यांनी. झोंप येत नव्हती त्यांला."

म्हणजे ती पचडी आणली तेव्हा माहीत होतं. मी जेवताना समोर बसून मला आग्रह करत होत्या तेव्हाही.

"मी तुझ्यासाठीं रोज देवाला..." म्हणत होत्या. मी म्हटलं, मामी, मला जरा काम आहे.

डबा ठेवून गेल्या. खाल्ला नाही. फेकवतही नाही.

१४ जून
आईला सांगितलं. आई म्हणाली, सही करू नकोस. मग पाच मिनिटांनी परत फोन, नोकरी सोडून घरी येतेस का. मग बाबा, त्यांना म्हणे पहिल्यापासूनच तो माणूस जास्त गोड वाटला होता. बाबा सरांना एकदाच भेटलेत, आणि तेव्हा त्यांच्या पाया पडले होते.

सही करणार नाही असं वरदनला कळवलं. एका ओळीत.

१५ जून
लॅबची चावी काढून घेतली. मला आता 'कागदपत्रं' विभागात बसवलंय. आकडेवारी बघायचा हक्क मात्र अजून चालू, कुणाच्या लक्षात आलेलं नसावं. बसमध्ये सर पुढे बसतात, मी मागे. दोघंही मैलापूरला उतरतो, एकाच गल्लीत चालतो, वीस पावलांच्या अंतराने, आणि तेच फाटक उघडतो. खोली शोधायला हवी.

२१ जून
कोवलमला गेले. एकटीच.

दुपारची वेळ, होड्या वाळूवर ओढलेल्या, बायका शेडमध्ये बसलेल्या. सेल्वीची स्कूटर भिंतीला टेकवून उभी, वर जाळं वाळत घातलेलं. ती परत शेअर ऑटोने जाते, पण जुनी जागा गेली. आता मागे डिक्कीशी बसावं लागतं, टोपली मांडीवर.

माझ्या मोडक्या तमीळमध्ये सांगितलं. सेल उन्हात टिकत नाहीत. चाचणी खोटी होती. मला माहीत नव्हतं.

वाटलं होतं ती म्हणेल, तुझी काय चूक. मी बसमध्ये तसं मनात रंगवूनही ठेवलं होतं.

म्हणाली, "कंपनी काय, खोटं बोलणारच. मी कंपनीच्या शब्दावर कुठे घेतली? तू म्हणालीस, मी तपासलीय."

मी म्हटलं, अक्का, मला सुद्धा फसवलं.

"असेल. पण मला तू फसवलंस."

मग मासा साफ करत राहिली. मी बसले थोडा वेळ. पाणी दिलं तिने, तेवढं दिलं. उठताना पाठीमागून विचारलं, "हे सगळ्यांसमोर बोलशील?"

हो म्हटलं. किती पटकन म्हटलं.

१८ जुलै
बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. खोली मिळाली नाही. कधी एकटी मुलगी नको, कधी मांसाहार करता का, कधी मालकाला सरांचं नाव माहीत, मग 'राव सरांकडचं सोडून का येताय?'

आज सहज तीन नंबरची आकडेवारी उघडली. सहज नाही. पण उघडली.

रेघ वाकलीय.

इतके महिने सपाट, आणि मग एका ठिकाणापासून खाली. हळू, पण सरळ खाली. जिथे वाकली ती तारीख ६ जून.

सेल तेच, कपाट तेच, चाचणी तीच. त्या दिवशी काय बदललं, याचं उत्तर एकच आहे. हे बघून बॅटरीतलं कळणारा कुणीही सांगेल की आधीची हवा पंचेचाळीसची नव्हती. आता खरी ऊब लागली आणि सेलनी खरं ते सांगायला सुरुवात केली.

मला फोटो नको. काहीच नको. हे पुरे आहे.

१९ जुलै
झोपेतून उठल्यावर पहिला विचार हा. सरांना हे कळलं नसेल?

पुरावा पुसायचा होता तर चाचणी बंद करायची होती, सेल काढून टाकायचे होते. त्यांनी फक्त खरं तापमान लावलं आणि चालू ठेवली. सेलचं काय होणार हे या शहरात त्यांच्याहून चांगलं कुणाला माहीत आहे? एवढे दिवस रोज ती रेघ वाकताना बघत असणार. थांबवली नाही.

की घाबरून केलं, आणि मग थांबवायची हिंमत झाली नाही. हेही असू शकतं. हेच असेल. मी परत त्यांना चांगलं ठरवायला बघतेय. एकदा ठरवलं तेवढं पुरे.

२४ जुलै
सेल्वीचा फोन. परवा, २६ला, कोवलमच्या शेडमध्ये सगळ्या जमणार. एक वकीलबाई येणार आहेत, ग्राहक मंचाकडे जायचं आहे, आणि कंपनीनेही माणूस पाठवायचं कबूल केलंय. "येशील ना," विचारलं नाही. "ये," म्हणाली. मॅडम म्हणाली नाही.

वरदनचाही निरोप, दुसऱ्याकडून. कंपनीची माहिती बाहेर गेली तर कायदेशीर कारवाई. म्हणजे मी जाणार हे त्याला कळलंय.

आलेख घेतलाय. नोकरी गेली तर जाईल असं लिहिते आहे खरं. इचलकरंजीला परत जाऊन काय करायचं?

२५ जुलै
सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, येताना जिन्यात सर. केबिनमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच समोरासमोर. मी भिंतीला सरकून वाट दिली. ते गेले नाहीत.

थकलेत. दाढ काढलेली दिसते, गाल आत गेलाय. हातात भाजीची पिशवी, त्यातून कढीपत्ता बाहेर आलेला.

"उद्या कोवलमला तें आहे ना," म्हणाले.

हो.

"वरदन मला जायला सांगतो. कंपनीच्या वतीनें."

म्हणजे कंपनी पाठवणार तो माणूस हाच. मनात आलं, तिथे सगळ्यांसमोर परत एकदा 'अनघा' म्हणतील आणि सेल्वी माझ्याकडे बघेल.

विचारावंसं वाटलं, सर, तुम्ही ती चाचणी चालू का ठेवलीत? ओठांपर्यंत आलं. नाही विचारलं. उत्तर काहीही आलं तरी मी त्यावर विश्वास ठेवला असता, आणि तेच नको होतं.

ते एक पायरी उतरले. थांबले. पाठमोरेच म्हणाले, "कंपनीची गाडी नको म्हणून सांगिटलं मी. कोवलमची बस कुठून मिळते?"

सगळा जन्म मैलापुरात गेलाय या माणसाचा, कोवलमची बस यांना माहीत नाही?

"तिरुवान्मियूरहून," मी म्हटलं. "मी सकाळची पकडणार आहे."

"सरि, बरें," म्हणाले, आणि खाली गेले.